मांगातील कलाविद्यार्थी आणि शाळेतील रेखाकला

चित्रकथा व चित्रपरीक्षा : थोडक्यात

• मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. तिची पाने उजवीकडून डावीकडे वाचली जातात आणि ती बहुधा नियतकालिकातून क्रमशः आल्यावर खंडरूपाने प्रसिद्ध होते.

• चिका उमिनो यांची ‘हनी अँड क्लोव्हर’ (२०००–२००६) ही मालिका टोकियोतील कलामहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे एकतर्फी प्रेम व कलेतील धडपड रेखाटते. तिला २००३ मध्ये कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला.

• अशा कलामहाविद्यालयापर्यंत पोहोचण्याआधी, महाराष्ट्रात शालेय विद्यार्थ्यांसाठी कलाशिक्षणाची पहिली औपचारिक पायरी म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होत.

• एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र तसेच भूमिती व अक्षरलेखन असते, तर इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राऐवजी स्थिरचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तुसमूहाचे रंगीत चित्रण, करावे लागते.