शनिवारवाडा आतून कसा दिसायचा?

बालमित्रांनो, पुण्याला सहल गेली की शनिवारवाडा पाहायचाच! भक्कम तट, दिल्ली दरवाजा... आणि आत? नुसती जोती. १८२८ साली लागलेल्या आगीत आतले लाकडी महाल जळून गेले. आणि कॅमेऱ्याचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये! म्हणजे त्या महालांचा एकही फोटो नाही. मग ते कसे होते, हे सांगणार कोण? जुनी कागदपत्रं आणि चित्रकार.

त्या काळी देशोदेशी फिरून गावांची, शहरांची चित्रं काढणारे कलावंत होते. इटलीत नेपल्सला आलेले प्रवासी व्हेसूव्हिअस ज्वालामुखीचं चित्र आठवण म्हणून विकत नेत. ही चित्रं पुष्कळदा दाट जलरंगात असत. तुमचे पोस्टर कलर त्यांचेच भाऊबंद. रंगाची पूड, डिंक आणि पांढरी भुकटी एकत्र घोटायची. डिंक कसला? आमच्या लिंबागणेशच्या शिवारात बाभळी आहेत ना, त्याच जातीच्या झाडांचा! साध्या जलरंगातून खालचा कागद दिसतो. हा रंग मात्र खालचं झाकतो, त्यामुळे काळ्या ढगावर पांढरा पक्षी नंतरही काढता येतो. शिवाय लवकर वाळतो. तैलरंग वाळायला दिवस न् दिवस लागतात. फिरस्त्या माणसाला ते कसं परवडणार?

असाच एक फिरस्ता, स्कॉटलंडचा जेम्स वेल्स, १७९१ मध्ये मुंबईला आला. त्यानं मलबार हिल, शीवचा किल्ला अशा जागांवरून मुंबईची बारा दृश्यं काढली. पुढं पुण्याला जाऊन त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांनाही रंगवलं. १७९० साली इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट यानं पेशव्यांशी तह केला. त्या दरबाराचं मोठं चित्र काढायचं वेल्सच्या मनात होतं, पण १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या कच्च्या चित्रांवरून थॉमस डॅनियलनं ते १८०५ मध्ये पुरं केलं. गंमत म्हणजे तहाच्या वेळी वेल्स हिंदुस्थानात आलाही नव्हता! तेव्हा चित्रातलं सगळं डोळे मिटून खरं मानू नये.

पण मला जास्त कौतुक वाटतं ते पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबटाचं. मॅलेटसाठी तो चित्रं काढी. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं नोव्हेंबर १७९० मध्ये काढला. आपल्या मराठवाड्यातल्या वेरूळच्या लेण्यांचीही त्यानं चित्रं काढली. १८०३ मध्ये वेरूळच्या चोवीस चित्रांचं पुस्तक लंडनला निघालं. त्यावर नावं वेल्स आणि डॅनियलची, गंगारामाचं नाही! त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि तिथं मात्र त्याचं नाव आहे.

तुमच्याही गावात एखादा पडका वाडा, वेस किंवा बारव असेलच. येत्या रविवारी तिथं बसून चित्र काढा पाहू! आईबाबांनाही सोबत न्या. आणि हो, खाली स्वतःचं नाव, गाव आणि तारीख घालायला विसरू नका.