सिलिकॉनची सुई आणि मेंदूची वीज

‘सेन्सर’ला मराठीत आपण संवेदक म्हणतो. डोळा, कान, त्वचा हे निसर्गाने दिलेले संवेदक. माणसाने घडवलेल्या संवेदकांसाठी प्रा. केन्सॉल वाइज यांनी आपली सारी कारकीर्द दिली. ते विद्युत अभियंते. पण त्यांचे काम आम्हा डॉक्टरमंडळींच्या दारापर्यंत येऊन पोहोचले आहे.

मज्जापेशीचा संदेश बाहेरून टिपायचा, तर हाती लागणारी वीज व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी असते. ती टिपायला पूर्वी धातूच्या बारीक तारा वा काचेच्या नळ्या वापरत. त्या हाताने घडवलेल्या असल्याने दोन टोकांमधले नेमके अंतर सांगणे कठीण. मग कोणता संदेश मेंदूच्या कोणत्या थरातून आला, हे कसे कळावे? स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स एंजेल यांच्यासह वाइज यांनी १९७० मध्ये वेगळी वाट दाखवली. संगणकाची चिप ज्या छपाईतंत्राने होते, त्याच तंत्राने ही टोके घडवायची. त्यामुळे अंतरे आधीच ठरवता येतात आणि प्रत्येक सुई दुसरीसारखीच निघते.

१९७४ पासून ते मिशिगन विद्यापीठात शिकवू लागले. तेथील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. सिलिकॉनमध्ये बोरॉन भरपूर मिसळला, की काही विशिष्ट द्रावणे त्याला जवळजवळ खातच नाहीत. म्हणून सुईच्या आकारापुरता बोरॉन मिसळायचा आणि बाकीचे सिलिकॉन विरघळवायचे. उरते ती सुमारे १५ मायक्रोमीटर जाडीची सुई, आपल्या केसाहूनही कितीतरी पातळ! सुईऐवजी पातळ पडदा उरवला, तर तो दाबाने वाकतो आणि दाबमापक तयार होतो.

मिशिगनच्या या सुया पुढे अनेक प्रयोगशाळांत गेल्या. २००० मध्ये वाइज यांच्या नेतृत्वाखाली तेथे बिनतारी सूक्ष्मप्रणालींचे केंद्र उभे राहिले. संवेदक, संदेश मोठा करणारे मंडल आणि रेडिओ एका इवल्याशा जागेत बसवायचे, हे त्याचे उद्दिष्ट. कर्णबधिरांच्या अंतःकर्णात बसवायच्या पातळ विद्युतअग्रांवरही तेथे काम झाले.

एक अडचण मात्र शरीराचीच आहे. मेंदू सुईला परकी मानतो, तिच्याभोवती व्रणासारखे आवरण धरतो आणि काही महिन्यांत संदेश क्षीण होऊ शकतात. ‘मेंदूत चिप’ अशी बातमी आली, की रुग्ण मला विचारतात, “डॉक्टर, हे खरे का?” मी सांगतो, संदेश वाचता येतो हे खरेच आहे आणि त्यामागे अर्ध्या शतकाची मेहनत आहे. आपण विचारायचे ते एवढेच, की तो किती वर्षे वाचता येईल?