कुलपाची रचना आणि किल्लीचें गुपित

हल्लीं कुटुंबाचे बँकेचे व्यवहार, परदेशीं असलेल्या मुलांशीं पत्रव्यवहार, जमीनजुमल्याचे कागद, हें सारें संगणकाच्या जाळ्यांतून जाऊं लागलें आहे. त्याच्या रक्षणाचीं साधनें कोणतीं, हा विचार आतां कर्त्या मंडळींस टाळतां येण्याजोगा राहिला नाहीं.

ज्या साधनांची घडण कोणासही वाचतां येते, तीं विश्वासार्ह कशीं, अशी शंका पुष्कळांस येते. तिचें उत्तर ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषापंडितानें १८८३ सालींच देऊन ठेविलें आहे. कुलपाची रचना शत्रूस कळली तरी बिघडूं नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली, हें त्याचें तत्त्व.

साधनाची निवड मात्र कामाप्रमाणें करावी. एखादें पत्र वा दस्तऐवज सांकेतिक करून पाठवावयाचा तर 'जीएनयूपीजी' उपयोगी. दूरच्या संगणकावर काम करावयाचें तर 'ओपनएसएसएच'. सारें दळणवळणच सुरक्षित वाटेनें न्यावयाचें असल्यास 'ओपनव्हीपीएन' अथवा 'वायरगार्ड'. यांपैकीं पहिलें २००१ पासूनचें, नाना परिस्थितींशीं जुळवून घेणारें, परंतु मांडणीस किचकट. दुसरें २०२० सालीं लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झालें. त्याचा तेथील मजकूर सुमारें ४,००० ओळींचा, म्हणून तपासणीस सोपा.

तपासणीचें महत्त्व आम्ही मुद्दाम सांगतों. असंख्य संकेतस्थळांचें रक्षण करणाऱ्या 'ओपनएसएसएल'च्या २०१२ सालच्या आवृत्तींत एक चूक शिरली. मजकूर सर्वांसमोर उघडा असूनही ती चव्हाट्यावर आली एप्रिल २०१४ मध्यें. तोंवर त्या चुकीमुळें परक्यास यंत्राच्या स्मृतींतील गुपितें, किल्ल्यांसुद्धां, वाचतां येण्याजोगीं होतीं. त्याच महिन्यांत 'ओपनबीएसडी'च्या मंडळींनीं जुनी अडगळ झाडून 'लिबरएसएसएल' ही वेगळी शाखा काढली. ग्रंथ उघडा ठेविला म्हणजे तो वाचला गेला असें होत नाहीं, हाच यांतील धडा.

वायरगार्डमध्यें प्रत्येक यंत्रास स्वतंत्र किल्ली असते. एकत्र कुटुंबांत सर्वांचा मिळून एकच परवलीचा शब्द ठेवण्याची चाल सोयीची वाटते. पण धाकट्याचा फोन हरवला कीं साऱ्या घराचीं कुलुपें बदलावीं लागतात. किल्ल्या वेगळ्या असल्यास तेवढी एक रद्द करून भागतें. सुधारलेली आवृत्ति निघतांच ती घेणें आणि ज्याची किल्ली त्यानें सांभाळणें, एवढें वाचकांनीं घरोघरीं सुरू केलें तरी आमच्या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.