डेटाबेस क्लायंट व सर्व्हर यांमधील विदासंकोचन

डेटाबेस क्लायंट व सर्व्हर यांमधील विदासंकोचन म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहिती पाठवणाऱ्या बाजूने आकाराने लहान करणे व स्वीकारणाऱ्या बाजूने ती जशीच्या तशी पूर्ववत करणे होय. यामुळे मंद जोडणीवर वेळ वाचतो. मात्र दोन्ही संगणकांच्या प्रोसेसरवरील भार वाढतो. अपेक्षित लाभ न दिसल्यास पुढील बाबी तपासतात.

माहितीचे स्वरूप

यूटीएफ-८ संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा, अनुस्वार व हलन्त धरून ‘जुन्नर’ या शब्दात ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट. ‘आंबेगाव’ या शब्दात ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट होतात. या चिन्हांचा पहिला बाइट एकच असतो. गावांच्या यादीत तालुक्याचे नाव ओळीओळीला येत असल्यास पुनरावृत्ती आणखी वाढते व संकोचन परिणामकारक ठरते. याउलट जेपीईजी छायाचित्रे मुळातच संकोचित असतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीला ३० अँटेना आहेत. अशा दुर्बिणींच्या नोंदींत यादृच्छिक कोलाहलाचा अंश मोठा असल्याने, काहीही न गमावता त्या फारशा लहान करता येत नाहीत.

दोन्ही बाजूंची सहमती

मायएसक्यूएल ८.०.१८ पासून झेडलिब, झेडस्टँडर्ड व असंकोचित असे पर्याय निवडता येतात. सर्व्हरने परवानगी देणे पुरेसे नसते. क्लायंटनेही मागणी करावी लागते. दोघांत एकही समान पर्याय नसल्यास जोडणीच नाकारली जाते. चालू जोडणीत संकोचन आहे की नाही, हे ‘कॉम्प्रेशन’ या स्थितिदर्शक चलावरून कळते. ५० बाइटांहून लहान मजकूर संकोचित केला जात नाही. म्हणून चाचणीसाठी मोठे उत्तर देणारी क्वेरी घ्यावी.

सुरक्षितता

संकोचित माहितीच्या लांबीवरून कूटबद्ध मजकुरातील गुपिताचा अंदाज बांधता येतो, हे २०१२ मध्ये ‘क्राइम’ या हल्ल्याने दाखवून दिले. पोस्टग्रेएसक्यूएलने १४ व्या आवृत्तीपासून एसएसएल संकोचन काढून टाकले. त्यामुळे जोडणीत ते मागितले तरी त्या मागणीकडे दुर्लक्ष होते. हा बिघाड नव्हे.

मोजणी

एकच क्वेरी संकोचनासह व संकोचनाविना अनेकदा चालवून लागलेला वेळ आणि पाठवलेले बाइट यांची तुलना करतात. बाइट घटूनही वेळ घटला नाही, तर अडथळा नेटवर्कमध्ये नसून संथ क्वेरीत किंवा प्रोसेसरवर असण्याची शक्यता अधिक. क्लायंट व सर्व्हर एकाच संगणकावर असल्यास संकोचन बंद ठेवणे सामान्यतः हिताचे असते.