विश्लेषण : ‘जरा झूम कर’ म्हटल्यावर सीआयडीला चोर दिसतो, मग सोसायटीला का दिसत नाही?

सोसायटीच्या पार्किंगमधून सायकल गेली की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. सेक्रेटरी, सायकलीचे मालक, दोन उत्साही काका आणि ‘आयटीत असलेला’ एक मुलगा वॉचमनच्या केबिनमध्ये डीव्हीआरभोवती गोळा होतात. पडद्यावर रात्री दोनच्या सुमारास एक करडा ठिपका येतो, सायकलीपाशी थांबतो आणि सायकल घेऊन निघून जातो. मग कुणीतरी ते वाक्य म्हणतेच, ‘‘अरे, जरा झूम कर ना!’’ मुलगा झूम करतो. लहान करड्या ठिपक्याचा मोठा करडा ठिपका होतो. काकांचे मुलाच्या पदवीबद्दलचे मत तिथेच बदलते.

इथपर्यंत गंमत होती. आता मात्र या गोष्टीला नवा शेवट मिळाला आहे. कुणीतरी त्या ठिपक्याचा फोटो एआय ॲपमध्ये टाकून ‘चेहरा स्पष्ट करून दे’ असे सांगतो आणि काही सेकंदांत डोळे, नाक, मिशीसकट एक चेहरा समोर येतो. तो कुणासारखा तरी दिसतोच. कधी रोज येणाऱ्या डिलिव्हरी बॉयसारखा, कधी नव्या वॉचमनसारखा. त्यामुळे झूमने नेमके काय होते आणि काय होत नाही, हे समजून घेणे आता गरजेचे झाले आहे.

हे ‘झूम’ आले कुठून?

आपल्याकडे दोष अर्थातच ‘सीआयडी’कडे जातो. १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. शिवाजी साटम यांनी साकारलेल्या एसीपी प्रद्युम्नच्या पथकाने प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांना एक गोष्ट पक्की शिकवली. फोटो धूसर असेल तर संगणकावर बसलेल्या माणसाला सांगायचे, तो चार बटणे दाबतो आणि गुन्हेगार सापडतो.

पण ही कल्पना मालिकेपेक्षा जुनी आहे. मिकेलांजेलो अँटोनिओनी यांच्या १९६६ मधील ‘ब्लो-अप’ चित्रपटात लंडनचा एक छायाचित्रकार बागेत काढलेले फोटो मोठे करत जातो आणि त्याला त्यात खून झाल्याचे दिसू लागते. कुंदन शहा यांनी १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’मध्ये हाच धागा मुंबईत आणला. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी यांचे दोन फोटोग्राफर फोटो मोठा करतात तेव्हा त्यात खून सापडतो. ज्या बागेत तो फोटो काढलेला असतो, तिचे नावही ‘अँटोनिओनी पार्क’! त्याच्या एकच वर्ष आधी, १९८२ मध्ये, ‘ब्लेड रनर’च्या नायकाने यंत्राला तोंडी हुकूम देत एका फोटोतल्या आरशात डोकावून पाहिले होते.

यातला सर्वांत प्रामाणिक चित्रपट पहिला. ‘ब्लो-अप’मध्ये फोटो मोठा होतो तसे फिल्मचे दाणेही मोठे होतात आणि समोरचे दृश्य जास्तच संशयास्पद होत जाते. पुढच्या लेखकांनी एवढा भाग सोयीस्करपणे वगळला.

झूम केल्यावर नेमके काय होते?

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकटींची जाळी. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल आणि एका पिक्सेलमध्ये एकच रंग. झूम केल्यावर चौकटी मोठ्या दिसतात, त्यांच्या आत नवे काही उगवत नाही. दयाला दार तोडून आत जाता येते, कारण दारामागे खोली असते. पिक्सेलच्या मागे खोली नसते.

थोडे गणित केले तर सोसायटीची अडचण लगेच कळते. अनेक सोसायट्यांत असलेला २ मेगापिक्सेलचा, म्हणजे फुल एचडी कॅमेरा आडवे १,९२० आणि उभे १,०८० पिक्सेल टिपतो. एकूण सुमारे २० लाख ७३ हजार. आकडा भरभक्कम वाटतो. पण ‘एकाच कॅमेऱ्यात सगळे पार्किंग आले पाहिजे’ म्हणून तो ३० मीटर रुंदीचे दृश्य दिसेल असा लावला, तर एका मीटरच्या वाट्याला ६४ पिक्सेल येतात. साधारण १५ सेंटीमीटर रुंद चेहऱ्याला मिळतात जेमतेम १०.

दुचाकीच्या मागच्या नंबरप्लेटची गत आणखी वाईट. ती २० सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असते. म्हणजे रुंदीत सुमारे १३ पिक्सेल, उंचीत ६. त्यात दोन ओळी. एका ओळीला उंचीत तीन पिक्सेल आणि एका अक्षराला रुंदीत दोन-तीन. ठिपक्यांच्या इंडिकेटरवर एक इंग्रजी अक्षर किंवा आकडा नीट वाचता यावा म्हणून रूढ जाळी ५ बाय ७ ठिपक्यांची असते. त्याहून कमी ठिपक्यांत शून्य, आठ, बी आणि डी हे सगळे सख्खे भाऊ दिसू लागतात.

सीसीटीव्ही क्षेत्रात यासाठी एक ठोकताळा वापरला जातो. कुणीतरी आले आहे एवढे कळायला मीटरमागे २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला सुमारे १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. आपल्या पार्किंगमध्ये आहेत ६४. म्हणजे ‘शर्ट घातलेला एक इसम आला होता’ इतकी माहिती नक्की मिळते. त्यात रात्रीचा अंधार, चालत्या माणसाचा पुसटपणा आणि जागा वाचवण्यासाठी डीव्हीआरने केलेले कॉम्प्रेशन यांची भर पडते. वर कुणीतरी डीव्हीआरच्या पडद्याचा मोबाइलने व्हिडीओ काढून तो ग्रुपवर टाकतो. तिथे तो आणखी दाबला जातो आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन काका पुन्हा म्हणतात, ‘‘झूम कर.’’

मग २०० मेगापिक्सेलचे काय?

‘कॅमेराच बदलू, माझ्या फोनलाच २०० मेगापिक्सेल आहेत,’ हा पुढचा मुद्दा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस २३ अल्ट्रामध्ये असा सेन्सर होता. २०० मेगापिक्सेल म्हणजे २० कोटी पिक्सेल. ते नखाएवढ्या जागेत बसवायचे तर प्रत्येकाची रुंदी ०.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. इतक्या लहान खिडकीतून प्रकाश कमी येतो, म्हणून असा फोन एरवी १६ पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक बनवतो. त्यामुळे सवयीने काढलेला फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा असतो. भरदुपारी, हात न हलवता काढलेल्या फोटोत २०० मेगापिक्सेलचा फायदा दिसतो. रात्री दोन वाजता लेन्समध्ये येणारा प्रकाश आणि लेन्सचा दर्जा जास्त महत्त्वाचा ठरतो.

पण फोनवर चंद्र तर लख्ख दिसतो!

हा प्रश्न मार्च २०२३ मध्ये जगभर गाजला. रेडिटवरच्या एका वापरकर्त्याने चंद्राचा चांगला फोटो घेतला, तो १७० बाय १७० पिक्सेल इतका लहान केला आणि मुद्दाम धूसर केला. मग तो संगणकाच्या पडद्यावर लावून, खोलीतले दिवे मालवून, दूर उभे राहून सॅमसंगच्या फोनने टिपला. फोनने काढलेल्या फोटोत चंद्रावरची विवरे दिसत होती. जी पडद्यावर नव्हतीच!

कंपनीने त्यानंतर प्रक्रिया समजावून सांगितली. फोन आधी समोर चंद्र असल्याचे ओळखतो, अनेक फ्रेम एकत्र करतो आणि मग चंद्राचे पुष्कळ फोटो पाहून शिकलेले एआय बारकावे ठळक करते. ही सोय बंदही करता येते. चंद्राबाबतीत हे जमते याचे कारण साधे आहे. चंद्र पृथ्वीला कायम आपली एकच बाजू दाखवतो. कोल्हापुरातून पाहा की कॅलिफोर्नियातून, विवरे तीच. चोरांनी अशी शिस्त पाळल्याची नोंद नाही.

एआय चेहरा शोधते की काढते?

काढते, म्हणजे चित्रकार काढतो तसे. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची प्रणाली मांडली. ती १६ बाय १६ पिक्सेलच्या चेहऱ्यापासून १,०२४ बाय १,०२४ पिक्सेलचा चेहरा तयार करायची. म्हणजे हातात २५६ पिक्सेल आणि समोर दहा लाखांहून जास्त. मधले सगळे संगणकाने अंदाजाने भरलेले. लोकांनी तिला बराक ओबामा यांचा पिक्सेल केलेला फोटो दिला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा दिला. माणसे ओळखण्यासाठी ही प्रणाली वापरता येणार नाही, हे संशोधकांनी स्वतःच सांगितले होते.

अडचण एकाच प्रणालीची नाही. हजारो वेगवेगळे चेहरे लहान केले की सारखेच २५६ पिक्सेल उरू शकतात. त्यातला मूळ चेहरा कोणता, हे उलट दिशेने सांगता येत नाही. मिक्सरमधून काढलेली चटणी दाखवून ‘यातली मिरची कोणत्या रोपाची?’ असे विचारण्यासारखेच ते आहे. मात्र एआय ‘माहीत नाही’ म्हणून थांबत नाही. ज्या चेहऱ्यांवर ते शिकले, त्यांच्या सरासरीकडे झुकणारा एक देखणा चेहरा ते हातात ठेवते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर एफबीआयने एका व्यक्तीचे धूसर फोटो जारी केले. त्याखाली लोकांनी एआयने ‘स्पष्ट’ केलेले फोटो टाकले. फोटो मूळ तेच, पण त्यातून निघालेले चेहरे निरनिराळे होते.

म्हणजे फोटो सुधारणे हे थोतांडच?

नाही. माहिती लपलेली असेल तर ती बाहेर काढता येते, नोंदलीच नसेल तर येत नाही. २००७ मध्ये बाललैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणात संशयिताने फोटोतला स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो उलटा फिरवून सरळ केला, इंटरपोलने प्रसिद्ध केला आणि आरोपी पकडला गेला. तिथे पिक्सेलमधली माहिती जागेवरून हलली होती, पुसली गेली नव्हती. तसेच अंधारा फोटो उजळणे किंवा एकाच दृश्याच्या अनेक फ्रेम एकत्र करून जास्त तपशील मिळवणे हेही खरे तंत्र आहे. २०१८ च्या पिक्सेल ३ फोनमधला झूम तर आपल्या हाताच्या बारीक थरथरीचाच उपयोग करत असे. मात्र हे सारे कॅमेऱ्याने खरोखर टिपलेल्या माहितीवर चालते.

न्यायालयात काय चालते?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात किंग काउंटीच्या न्यायालयाने २०२४ मध्ये एका खून खटल्यात एआयने सुधारलेला व्हिडीओ पुरावा म्हणून दाखवण्यास नकार दिला. सॉफ्टवेअरने नेमके काय भरले हे तपासता येत नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप होता.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल अंगठा नोंदवतात. फाइलमधला एक पिक्सेल बदलला तरी हा अंगठा बदलतो. त्यामुळे ॲपमधून काढलेल्या ‘एचडी’ चेहऱ्यापेक्षा मूळ धूसर रेकॉर्डिंग कितीतरी मोलाचे. शिवाय असा चेहरा ‘हाच चोर’ म्हणून ग्रुपवर फिरवला आणि तो निरपराध माणसाचा निघाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा गुन्हा फिरवणाऱ्यावर दाखल होऊ शकतो. सायकल चोरणारा तेव्हाही मोकळाच असेल.

सोसायटीने काय करावे?

– एक कॅमेरा फक्त गेटसाठी ठेवा. फुल एचडी कॅमेऱ्यात साडेसात मीटरपर्यंतच रुंदी येऊ दिली तर मीटरमागे २५० पिक्सेल मिळतात. तो फार उंचावर लावू नका. चोराचे टक्कल पाहून ओळख पटत नाही.

– गेटवर चांगला दिवा लावा. नव्या कॅमेऱ्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

– डीव्हीआरमधले घड्याळ बरोबर आहे का, ते महिन्यातून एकदा पाहा.

– हार्डडिस्क भरली की जुने रेकॉर्डिंग पुसले जाते. घटना घडल्यावर लगेच मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पडद्याचा मोबाइलने काढलेला व्हिडीओ हा पर्याय नव्हे.

– पोलिसांना दिसले तेवढेच सांगा : वेळ, दिशा, कपड्यांचा रंग, अंदाजे उंची. चेहरा दिसला नसेल तर ‘चेहरा दिसत नाही’ असेच तक्रारीत लिहा. आणि ग्रुपवर कुणी एआयने काढलेला चेहरा टाकलाच, तर तो पुढे पाठवू नका.