कपडे आतले, दुर्लक्ष कशाला?

बचत गटाची बैठक संपली. सगळ्या उठल्या, तरी एक काकू बसूनच राहिल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, चार महिने झाले, जांघेत खाज सुटते. कुणाला सांगावं?" मेडिकलमधून आणलेलं मलम लावून लावून त्यांची कातडी पातळ झाली होती. दवाखान्यात नेलं तर गजकर्ण निघालं, आणि सोबत मधुमेहही! औषध लिहून देताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आतले कपडे कसले वापरता?" काकू लाजल्या. नायलॉनचे, स्वस्तातले.

मैत्रिणींनो, आपल्या हिंगोली जिल्ह्यात कापूस पिकतो, वेचायला आपणच जातो. पण अंगाला मात्र नायलॉन! उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. नायलॉन घाम शोषत नाही. ओल तिथेच राहते आणि बुरशीला आयतंच फावतं. त्यात पाळी जाण्याच्या वयात अचानक अंग तापतं, घाम फुटतो, त्वचा कोरडी, नाजूक होते. मधुमेह असेल तर खाज लवकर पिच्छा सोडत नाही.

म्हणून घेताना चिठ्ठी वाचा, शंभर टक्के सुती आहे ना ते बघा. माप सैल घ्या; इलॅस्टिकचा वळ उठला तर ते माप आपलं नव्हे. सुती कपडाही घामाने भिजला की बदलायलाच हवा. शेतातून आल्यावर आधी ते करा. धुताना साबण पूर्ण निघू द्या. आणि साडीखाली लपवून वाळवू नका, ऊन लागू द्या.

परकराच्या नाडीचंही तसंच. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांची हकिगत एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट आवळल्यामुळे जखम झाली, ती भरली नाही आणि तिथेच त्वचेचा कर्करोग झाला. असं क्वचितच होतं, पण कमरेला काळा वळ पडून कातडी सोलत असेल तर नाडी सैल करा, रुंद पट्टा लावा. जखम भरत नसेल, खाज थांबत नसेल, अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर मनाने मलम लावू नका. सरळ दवाखाना गाठा.

परवा काकूंच्या अंगणात गेले. दोरीवर भर उन्हात सुती कपडे वाळत होते. काकू हसून म्हणाल्या, "आता कसली लाज, ताई? चार महिने लाजले, तेवढं पुरे झालं!"