दत्तक, गृहभेट आणि मालवणी प्रहसन

रे कूनी आणि त्यांचे पुत्र मायकेल कूनी यांच्या ‘टॉम, डिक अँड हॅरी’ या इंग्रजी प्रहसनात मूल दत्तक घेऊ पाहणारे दांपत्य संस्थेच्या प्रतिनिधी बाईंची वाट पाहत असते. नेमक्या त्याच वेळी टॉमचे दोघे भाऊ घरात नाना भानगडी आणून ठेवतात. येथील हास्य परीक्षेच्या धास्तीतून निर्माण होते. घर आदर्श दिसले नाही, तर मूल मिळणार नाही.

आपल्या पारंपरिक दत्तकविधानात असा परीक्षक नव्हता. वंश व पिंडदान यांसाठी बहुधा भाऊबंदांतीलच मुलगा घेतला जाई. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही मुलाचे प्रत्यक्ष देणे-घेणे हाच विधीचा गाभा आहे. बालन्याय कायद्याखालील (२०१५) दत्तकात मात्र समाजकार्यकर्ता घरी येऊन गृह-अध्ययन अहवाल तयार करतो. प्रहसनाला हवा असलेला पाहुणा तो हाच!

मालवणी रंगभूमीला ही रचना परकी नाही. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये (१९८०) गावकऱ्यांचा पौराणिक नाट्यप्रयोग डोळ्यांदेखत विस्कटत जातो आणि मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेले तात्या सरपंच तो सावरू पाहतात. तेथे फार तर प्रयोग फसतो. दत्तकाच्या नाटकात मूल दुरावते. म्हणून रूपांतरकाराने नवरा-बायकोची धास्ती खरी ठेवली पाहिजे. ‘रक्ताचो नाय, तो झील कसलो?’ असे वाडीतला एखादा चुलता विचारणारच. समाजकार्यकर्तीसमोर त्याला गप्प कसे बसवायचे, यावर एक अख्खा प्रवेश उभा राहू शकतो.